फ्रँक मर्फी म्युझियम, हार्बर बीच : एका निवृत्त बेलिफाचा अहवाल

पाचपैकी चार तारे. पाचवा का अडवून ठेवला ते शेवटी.

आधी ओळख सांगतो, नाहीतर पुढचं निम्मं कळायचं नाही. सांगली जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या दिवाणी न्यायालयात मी ३१ वर्षं बेलिफ होतो. साहेब कागदावर सही करणार, नाझर तो कागद माझ्या हातात ठेवणार, आणि मी आधी सायकलवर, पुढे एम-एटीवर बसून तो ज्याच्या नावाचा त्याच्या दारात पोचवणार. समन्स, नोटिसा, जप्ती, ताबा वॉरंट. दारात कुत्रं असतं, "बाबा घरी नाहीत" असं पाठ केलेलं पोरगं असतं, आणि आतून बाबांचा खोकला ऐकू येतो. रिटायर होऊन आठ वर्षं झाली, पण अजूनही कुठल्याही घरासमोर उभा राहिलो की आधी चतुःसीमा बघतो.

मुलगा डेट्रॉईटजवळ कँटनला राहतो, गाड्यांच्या कंपनीत इंजिनिअर आहे. गेल्या उन्हाळ्यात आम्ही नवरा-बायको तीन महिने त्याच्याकडे होतो. नायगारा झाला, शिकागो झालं, मॉल तर इतके झाले की मला सरकत्या जिन्याची स्वप्नं पडायला लागली. एके दिवशी सूनबाई म्हणाली, "अण्णा, तुम्हाला स्वतःला काय बघायचंय ते सांगा ना." मी म्हटलं, कोर्ट. ती हसली, पण पोरगी कामाची. दोन दिवसांत तिने हे शोधून काढलं. न्यायाधीश, महापौर, गव्हर्नर, देशाचा अ‍ॅटर्नी जनरल आणि शेवटी सुप्रीम कोर्टाचा न्यायमूर्ती, एवढं सगळं एकाच जन्मात झालेला माणूस. त्याच्या जन्मघराचं म्युझियम केलंय आणि ते गाडीने अडीच तासांवर आहे.

रस्त्याबद्दल थोडं. डाव्या हाताचा पंजा पालथा धरला की मिशिगनचा नकाशा होतो, आणि हार्बर बीच त्या पंजाच्या अंगठ्यावर येतं. इथले लोक त्या भागाला अंगठाच म्हणतात, 'द थंब'. मी आयुष्यभर लोकांचे डावे अंगठे कागदावर घेतले. आता अख्ख्या अंगठ्यावरून गाडीतून गेलो. दोन्ही बाजूंना शेतं. मुलगा म्हणाला, हे बीट, साखरेचं. आम्ही उसाच्या गावची माणसं, गाडी थांबवून उतरून बघितलं. पाल्यावरून पालकाची जाडी बहीण वाटते. साखर मुळात भरते म्हणे. ट्रॉल्या नाहीत, तोडणीच्या टोळ्या नाहीत, रस्त्यावर सांडलेली कांडी चघळणारी पोरं नाहीत. साखरेचा सगळा कारभार चाललाय आणि वास काही नाही, हे मला पटलं नाही. पुढे पवनचक्क्या लागल्या, ढालगावच्या पठारावर आहेत तशा. सौ. म्हणाली, एवढ्या लांब येऊन कवठेमहांकाळच बघायचं होतं तर.

हार्बर बीच हे ह्युरॉन सरोवराच्या काठचं छोटं गाव. पूर्वेस पाणी, बाकी तीन दिशांना शेतं. सरोवर म्हणतात, पण पलीकडचा काठ दिसत नाही. खारा वास नाही म्हणूनच ते समुद्र नव्हे असं समजायचं. गावाचं जुनं नाव सँड बीच. लाटा अडवायला बांध घालून मोठं बंदर केलंय, त्याचा गावाला फार अभिमान. फ्रँक मर्फी इथे १३ एप्रिल १८९० रोजी जन्मला. बाप याच गावात वकील. घराणं आयरिश. पणजोबांना इंग्रजांनी फाशी दिली होती आणि बापाला तरुणपणी कॅनडात आयरिश बंडखोर म्हणून तुरुंगात टाकलं होतं. म्हणजे आपल्याकडे असते तर तालुक्यात स्वातंत्र्यसैनिकाचं घर म्हणून ओळखले गेले असते.

आता सेवा कशी आहे ते. म्युझियम बारा महिने उघडं असेल असं धरून निघू नका, आधी फोन करा. तिकीट मुलाने काढलं. आकडा मला सांगितला नाही, कारण मी प्रत्येक आकड्याचा रुपयात गुणाकार करतो आणि मग चहासुद्धा गोड लागत नाही. घर जुनं आहे, गुडघ्यांची तक्रार असेल तर आधी विचारून घ्या. आम्हाला फिरवून दाखवायला एक आजीबाई होत्या, सत्तरीच्या पुढच्या. बोलणं सावकाश, माझ्यासारख्यालाही निम्मं कळेल असं. उरलेलं सूनबाई सांगायची. त्यांच्याबद्दल तक्रार एकही नाही. उलट माझाच त्यांना त्रास झाला, तो पुढे येईल.

वस्तू भरपूर आहेत. मर्फीच्या वापरातल्या, नोकरीतल्या, आणि त्यातही डोळ्यांत भरतात त्या फिलिपिन्सच्या. हा माणूस १९३३ साली फिलिपिन्सला अमेरिकेचा गव्हर्नर जनरल म्हणून गेला. आपल्याकडे त्या वेळी व्हाईसरॉय होता, तसाच प्रकार. पण हा गोरा साहेब ज्यांच्यावर राज्य करायला गेला त्यांनाच आवडला. ७ डिसेंबर १९३३ ला तिथल्या बायकांना मताचा हक्क देणाऱ्या कायद्यावर त्याने सही केली. मनिलातल्या लष्करी छावणीला त्याचं नाव दिलं होतं. देश स्वतंत्र करायचं ठरल्यावर मधल्या काळात तोच हायकमिशनर म्हणून राहिला, १९३६ पर्यंत. गव्हर्नर जनरलला लोक इतकं काही देतात, आणि तो ते इतक्या लांब सांभाळून आणतो, हे मला नवीन होतं. सौ.ने तेवढ्यात विचारलं, बायकोचा फोटो कुठे दिसत नाही? आजीबाई म्हणाल्या, त्यांनी लग्नच केलं नाही. सौ. माझ्याकडे बघून म्हणाली, "तरीच एवढी पदं झाली."

माझ्या सेवापुस्तकात पद एकच, त्यामुळे ही पदांची उतरंड मला समजून घ्यावी लागली. तुम्हालाही लागेल, म्हणून लिहितो. डेट्रॉईटच्या रेकॉर्डर्स कोर्टात तो १९२४ पासून न्यायाधीश. हे शहराचं फौजदारी कोर्ट, आणि न्यायाधीश मतं मागून निवडून यायचा! मी आजीबाईंना दोनदा विचारलं. खरंच मतं मागून. आमच्या साहेबांनी गल्लीत फिरून "मला निवडून द्या, निकाल चांगले लावीन" म्हटलं असतं तर काय झालं असतं या विचाराने मला दुपारपर्यंत हसू येत होतं. मग महापौर. आपल्याकडे महापौर म्हणजे झगा, बिल्ला आणि उद्घाटनं. चेकवर सही आयुक्तांची. डेट्रॉईटमध्ये सही महापौराचीच. गव्हर्नर म्हणजे आपला राज्यपाल समजू नका, कामाने तो मुख्यमंत्री. आणि अ‍ॅटर्नी जनरल. इथे प्रत्येक राज्याचा वेगळा असतो, बहुतेक राज्यांत तोही मतांवर येतो. आपला महाधिवक्ता सरकारची बाजू मांडतो, इथला अख्खं खातं चालवतो. मर्फी झाला तो देशाचा, १९३९ मध्ये, वर्षभरच. पण त्या वर्षात त्याने न्यायखात्यात नागरी हक्कांसाठी स्वतंत्र विभाग उघडला. आज अमेरिकेत त्या कामाचं जे मोठं खातं आहे, त्याचं मूळ तिथे.

महापौरकीवर फार थांबत नाही. आधीच्या महापौराला लोकांनी मतदान करून खाली खेचलं होतं. मर्फी आला सप्टेंबर १९३० मध्ये, मंदीत. गाड्या विकत नव्हत्या, म्हणजे डेट्रॉईटला जेवण नव्हतं. त्याने बंद कारखान्यांत बेघरांना झोपायची सोय केली, पडीक प्लॉटवर बेकारांना भाजीपाला लावायला दिला, १९३२ मध्ये देशभरातल्या महापौरांना डेट्रॉईटला बोलावून वॉशिंग्टनकडे मदत मागितली. महापौरांची जी संघटना त्यातून झाली तिचा पहिला अध्यक्ष तोच. शहराची तिजोरी मात्र शेवटी बसलीच. दानत मोठी आणि शिल्लक शून्य, असा तो काळ.

कोर्टातला त्याचा एक खटला सांगितलाच पाहिजे. १९२५ च्या सप्टेंबरात ऑसियन स्वीट नावाचा काळा डॉक्टर डेट्रॉईटच्या गोऱ्या वस्तीत, गार्लंड अ‍ॅव्हेन्यूवर, १८,५०० डॉलरला घेतलेल्या घरात राहायला आला. दुसऱ्या रात्री बाहेर जमाव, दगडफेक. आतून गोळ्या झाडल्या गेल्या, बाहेरचा एक जण मेला. घरातल्या अकराही जणांवर खुनाचा आरोप. खटला मर्फीने आपल्याकडे घेतला. बचावाला क्लॅरेन्स डॅरो, म्हणजे त्या काळचा सगळ्यात नावाजलेला वकील. ज्युरी सगळी गोरी. डॉक्टरच्या बायकोला मर्फीने जामीन दिला. पहिल्या वेळी ज्युरीचं एकमत झालं नाही, खटला फिरून चालवावा लागला. दुसऱ्यांदा डॉक्टरच्या भावाला एकट्याला उभं केलं आणि मे १९२६ मध्ये तो निर्दोष सुटला, मग बाकीच्यांवरचंही बारगळलं. मी बेलिफ म्हणून एवढंच बघतो की घर त्यांचं, दार त्यांचं, कागद त्यांच्या नावावर, आणि तरी ताबा मिळवायला दोन खटले लागले. ते घर डेट्रॉईटमध्ये अजून उभं आहे. आम्ही गाडीतूनच बघितलं, कारण तिथे लोक राहत असतील तर दारात उगाच उभं राहू नये, हे मला सवयीने कळतं.

आता ज्यासाठी हा सगळा अहवाल, तो भाग.

डेट्रॉईटच्या वरच्या अंगाला फ्लिंट आहे. जनरल मोटर्सचं गाव. ३० डिसेंबर १९३६ ला तिथल्या कामगारांनी संप केला, पण गेटबाहेर मंडप टाकून नव्हे. ते आतच बसले, मशिनींपाशी. बाहेर गेलं की मालक दुसरी माणसं आणतो आणि पट्टा चालू करतो. आत बसलं की मशीनही अडकलं. मर्फीने मिशिगनच्या गव्हर्नरपदाचा चार्ज घेतला १ जानेवारी १९३७ ला. म्हणजे टेबलावर पहिली फाईल हीच.

दुसऱ्याच दिवशी कंपनीने कोर्टातून बाहेर निघण्याचा हुकूम आणला. शेरीफ, म्हणजे तिथला जिल्ह्याचा फौजदार आणि बेलिफ एकातच, कारखान्यात जाऊन तो मोठ्याने वाचू लागला. आतल्या लोकांनी त्याची टिंगल करून त्याला घालवलं. पुढे चार दिवसांत बातमी फुटली की ज्या न्यायाधीशाने तो हुकूम दिला, त्या एडवर्ड ब्लॅक यांच्याकडे जनरल मोटर्सचेच ३,३६५ शेअर होते, तेव्हाच्या भावाने दोन लाख डॉलरच्या वरचे. हुकूम गेला बाराच्या भावात. ११ जानेवारीला पोलिसांनी एका कारखान्यावर अश्रुधूर सोडला, गोळ्या झाडल्या. आतून बिजागऱ्या, बाटल्या आणि थंडगार पाण्याचे फवारे आले. माणसं जखमी झाली. मर्फीने नॅशनल गार्डचे, म्हणजे राज्याच्या हाताखालच्या फौजेचे, सैनिक फ्लिंटला पाठवले. पण त्यांना सांगितलं काय? दोन्ही बाजूंच्या मध्ये उभे राहा. कारखाना रिकामा करू नका.

मग दुसऱ्या न्यायाधीशाने, पॉल गडोला यांनी, २ फेब्रुवारीला नवा हुकूम दिला. उद्या दुपारी ३ वाजेपर्यंत बाहेर. तीन वाजले, कोणी हललं नाही. ५ तारखेला अटकेचा हुकूम निघाला. शेरीफ वोलकॉट यांनी गव्हर्नरकडे मदत मागितली, कारण आत हजारो माणसं आणि याच्याकडे मूठभर. मर्फीने कळवलं, थांबा. आणि इकडे डेट्रॉईटमध्ये कंपनीचे नुडसन आणि कामगारांचे जॉन लुईस यांना समोरासमोर बसवून, रात्र-रात्र स्वतः या खोलीतून त्या खोलीत फेऱ्या मारत बसला. ११ फेब्रुवारीला, संपाच्या ४४ व्या दिवशी, समझोता झाला. कारखाने आपोआप रिकामे झाले. सगळ्या प्रकरणात मुडदा एकही पडला नाही.

इथे माझं आणि मुलाचं वाजलं. त्याच घरात, आजीबाईंच्या समोर, मराठीत. तो म्हणाला, "अण्णा, कोर्टाचा हुकूम होता. गव्हर्नरने तो चालू दिला नाही. तुम्ही एकतीस वर्षं काय सांगत आलात?" बरोबर आहे त्याचं. जागा कंपनीची, मशीन कंपनीचं. साध्या भाषेत अतिक्रमण. मी म्हटलं, बाबा, ताबा वॉरंटला अडथळा आला तर बेलिफ लाठी घेत नाही. "अडथळा आला, ताबा देता आला नाही" असा अहवाल लिहून वॉरंट परत कोर्टात देतो, पुढचं दिवाणी प्रक्रिया संहितेत, ऑर्डर एकवीस, रूल सत्त्याण्णव. तो म्हणाला, "ते बेलिफाचं झालं. गव्हर्नर म्हणजे पोलीस बंदोबस्त. बंदोबस्तच आला नाही तर तुम्ही काय म्हणायचात?" मी काय म्हणायचो ते मला माहीत आहे आणि ते इथे लिहिण्यासारखं नाही.

पण मला दुसरीच गोष्ट आठवत होती. ९० च्या दशकातली असेल. एका शिंप्याच्या ताब्यातली खोली, मालकाचा हुकूमनामा, दरखास्त, ताबा वॉरंट माझ्या नावे. आदल्या रात्री शिंपी माझ्या घरी आला. म्हणाला, वकील जिल्ह्याला गेलेत, अपिलात स्थगिती मिळतेय, उद्याचा दिवस काढा. मी म्हटलं, कागद आणा. असं सगळेच म्हणतात. दुसऱ्या दिवशी पंच घेतले, बंदोबस्त घेतला, यादी केली: शिलाई मशीन एक, चालू स्थितीत, इस्त्री एक, कात्र्या तीन, लाकडी बाक एक, शिवून तयार शाळेचे शर्ट सतरा. सगळं बाहेर लिंबाखाली ठेवलं, कुलूप बदललं, मालकाला किल्ली दिली. ताबा दिल्याची वेळ लिहिली, सव्वा तीन. स्थगितीचा कागद आला चार वाजता. पाऊण तास. माझी चूक कोणी काढली नाही, काढण्यासारखी नव्हतीच. पंचनामा एकदम स्वच्छ. खोली परत मिळायला त्या माणसाला सहा वर्षं लागली. तोवर तो लिंबाखालीच शिवत होता आणि मी रोज त्याच रस्त्याने ऑफिसला जात होतो. एम-एटी घेतली ती त्यानंतर, वेगाने जाता यावं म्हणून.

म्हणून मी आजीबाईंना विचारलं, त्या शेरीफचं पुढे काय झालं? सूनबाईने विचारून दिलं. आजीबाई माझ्याकडे बघतच राहिल्या. म्हणाल्या, इथे येणारा प्रत्येक जण गव्हर्नरबद्दल विचारतो, शेरीफबद्दल आजवर कोणीच विचारलं नाही. मग त्या मागे जाऊन काही कागद चाळून आल्या, हात हलवत. मी अजून दोनदा विचारलं, वेगळ्या शब्दांत. हाच तो त्रास, वर म्हटलेला. खिशात अटक वॉरंट, डोक्यावर न्यायाधीश, आणि वरून फोन की थांब. त्या माणसाला झोप कशी लागली असेल, याची पाटी कुठल्याही म्युझियमात लागत नसते.

मर्फीला या थांबण्याची किंमत पडली. नोव्हेंबर १९३८ च्या निवडणुकीत मिशिगनच्या लोकांनी त्याला घरी बसवलं. आणि थांबवणं त्याला दर वेळी जमलंच असंही नाही. मिशिगनने फाशीची शिक्षा १८४६ सालीच कायद्याने काढून टाकली होती, पण एका बँक दरोड्यात खून केलेल्या माणसाला केंद्राच्या कायद्याखाली फाशीची शिक्षा झाली आणि ती मिशिगनच्याच हद्दीत द्यायचं ठरलं. मर्फीने राष्ट्राध्यक्ष रूझवेल्टपर्यंत शब्द टाकला, निदान दुसऱ्या राज्यात तरी न्या. नाही झालं. ८ जुलै १९३८ ला मायलन गावात फाशी दिली गेली. ज्याच्या पणजोबांना फासावर दिलं त्याच्या राज्यात. कँटनहून ते गाव अर्ध्या तासावर आहे, आम्ही तिथे किराणा आणायला गेलो होतो.

१९४० मध्ये तो सुप्रीम कोर्टात बसला आणि मरेपर्यंत, १९ जुलै १९४९ पर्यंत, तिथे होता. कायद्याची जाण असणारे त्याला फार मानत नसत. इंग्रजीत दयेला मर्सी म्हणतात, आणि न्यायात मर्सी मिसळलेली असावी अशी म्हण आहे. वॉशिंग्टनचे लोक म्हणायचे, इथे न्यायात मर्फी मिसळलाय. टोमणा बरा आहे. त्याचे निकाल पुस्तकापेक्षा काळजातून यायचे, हे मलाही दिसतं. पण १९४४ मध्ये जपानी वंशाच्या लाखाच्या वर माणसांना, त्यांतल्या बहुतेकांना जन्माने अमेरिकन असूनही, छावण्यांत डांबण्याचा प्रश्न कोरेमात्सू खटल्यात आला, तेव्हा सहा विरुद्ध तीन असा निकाल लागला आणि तिघांत मर्फी होता. याला वंशवाद म्हणतात, असं त्याने सरळ लिहिलं. बहुमताचा तो निकाल चुकीचाच होता हे त्या कोर्टाने २०१८ मध्ये बोलून दाखवलं. आपल्याकडे आणीबाणीत १९७६ ला, डांबलेल्या माणसाला कोर्टात दाद मागता येते का या प्रश्नावर, न्यायमूर्ती खन्ना चार विरुद्ध एक असे एकटे पडले होते, आणि त्या चारांतल्या पुण्याच्या चंद्रचूडांचा निकाल २०१७ मध्ये त्यांच्याच मुलाने पुसला. १९७६ ला मी एकोणीस वर्षांचा होतो, आमच्या गावात खन्नांचं नाव कोणाला माहीत नव्हतं. पुढे कोर्टात लागल्यावर एका वकिलाने टपरीवर सांगितलं.

आणि मग यामाशिता. या नावापाशी आलो आणि परत त्या फिलिपिन्सच्या वस्तूंच्या खोलीत जाऊन उभा राहिलो. जनरल यामाशिता फिलिपिन्समधल्या जपानी फौजेचा सेनापती. फेब्रुवारी-मार्च १९४५ मध्ये मनिला जळालं. सुमारे एक लाख नागरिक मेले असं मानतात. हे मर्फीचं मनिला, ज्या लोकांनी त्याला या वस्तू दिल्या त्यांचं. युद्ध संपल्यावर लष्करी न्यायासनापुढे घाईने खटला चालला. सुनावणी सुरू होतानाच आणखी डझनांवारी आरोप वाढवले. बचावाच्या वकिलांनी तयारीला तारीख मागितली, दिली नाही. प्रकरण अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टात आलं. बहुमत म्हणालं, आम्ही हात घालणार नाही. विरोधात दोघेच लिहिते झाले, रटलेज आणि मर्फी. मर्फीचं म्हणणं असं की सेनापतीने अत्याचार केले वा करवले असा आरोपच नीट ठेवलेला नाही, आणि शत्रू असला तरी त्याला बचावाची पुरती संधी मिळाली पाहिजे. हे निकालपत्र ४ फेब्रुवारी १९४६ चं. २३ फेब्रुवारीला यामाशिताला फाशी दिली.

त्या खोलीत मी बराच वेळ होतो. नातू कंटाळून बाहेर गेला, सौ. खुर्चीत बसली. ज्यांची घरं गेली त्यांनी दिलेल्या भेटी एका बाजूला, आणि ज्याच्या फौजेने ती घरं जाळली त्याला तारीख द्या म्हणून लिहिणारा हाच माणूस. घरी गेल्यावर तो या वस्तूंकडे बघत असेल तर काय वाटत असेल? आजीबाईंना हे विचारलं नाही. शेरीफवरूनच त्या दमल्या होत्या.

आता किरकोळ. पोरं घेऊन जात असाल तर ती अर्ध्या तासात कंटाळतील, पण बंदरावर नेलं की परत खूष. मर्फी याच गावच्या दफनभूमीत आहे, वेळ असेल तर जा. जेवायला एका ठिकाणी गेलो. नाव लिहीत नाही, कारण पर्च मासा ताजा होता पण तळणाच्या तेलाचं वय माझ्या सर्व्हिसएवढं होतं. त्यावर घरचं भडंग आणि थर्मासमधला चहा कामाला आला. सांगलीचा माणूस भडंगाशिवाय जिल्ह्याबाहेर पडत नाही, देशाबाहेर तर नाहीच. डेट्रॉईटमध्ये सेंट अँटवान रस्त्यावरच्या मर्फीच्या नावाच्या इमारतीत २०२४ पर्यंत न्यायालय होतं, आणि तिच्यासमोर उंच खांबावर कार्ल मिलेस या शिल्पकाराचं 'हँड ऑफ गॉड' होतं: मोठा हात आणि हातावर उभा एक उघडा माणूस. त्याचे पैसे मोटार कामगारांच्या युनियनने दिले, फ्लिंटवाल्यांनी. मान दुखेल इतकं वर बघावं लागायचं.

निघताना वहीत दोन ओळी लिहायला सांगितल्या. मुलगा म्हणाला, इंग्रजीत मी लिहितो. मी म्हटलं, अहवाल बेलिफाने स्वतःच्या हाताने लिहायचा असतो. लिहिलं: "समक्ष जाऊन पाहिले. दार उघडे होते. घरातील मंडळींनी सहकार्य केले. अडथळा नाही." खाली सही, तारीख, वेळ. आजीबाईंनी विचारलं काय लिहिलंय. सूनबाईने जे सांगितलं ते त्यांना फार आवडलेलं दिसलं, माझा अंदाज आहे तिने जरा भर घातली.

राहिला पाचवा तारा. घर पूर्ण बघून झालं नाही. शिंपी आणि शेरीफ यांच्यात माझा निम्मा वेळ गेला आणि सौ.ला काळोखाच्या आत घरी पोचायचं होतं. तेव्हा चार तारे आज देऊन एक तहकूब ठेवत आहे. व्हिसा मिळाला तर पुढील तारीख : येता उन्हाळा.